न जोडलेला खटका

तुरीच्या शेंगा भरायला लागल्या, पहिल्या तासाला पोरं बाह्यांत हात ओढून बसायला लागली आणि शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर विज्ञान प्रदर्शनाचा निरोप येऊन पडला, की माझं डोकं फिरतं. बाहेर हुडहुडी भरलेली असते आणि मी मात्र तापलेली. माझी सासू याला 'हिचा हंगाम' म्हणते. "परदर्शन झालं की उतरतंय," असं ती शेजारणीला समजावून सांगते. उतरतं, हे खरं आहे. पण यंदाचा निरोप वाचला आणि ठरवलं, या वेळी उतरू द्यायचं नाही, आधी लिहून टाकायचं.

निरोपात शेवटी एक ओळ होती. उद्घाटन मान्यवरांच्या हस्ते कळ दाबून होईल, खबरदारी म्हणून पडद्यामागे एक माणूस ठेवावा.

ज्यांनी आमच्याकडची उद्घाटनं पाहिलेली नाहीत त्यांना या खबरदारीचा अर्थ सांगायला हवा. व्यासपीठावर एक टेबल असतं, त्यावर मखमली कापड, कापडावर एक डबा आणि डब्यावर लालभडक बटन. पाहुणे उठतात, फोटोवाल्याकडे बघून हसतात आणि बटनावर बोट टेकवतात. मागच्या फलकावरच्या दिव्यांच्या माळा लखलखतात, टाळ्या पडतात. त्या डब्यात काहीही नसतं. माळांची वायर गेलेली असते पडद्यामागे, तिथं एक माणूस बोर्ड मांडीवर घेऊन, फटीतून पाहुण्यांच्या बोटाकडे टक लावून बसलेला असतो. कधी त्याचा अंदाज चुकतो आणि बोट टेकायच्या आधीच दिवे लागतात. कधी त्याला शिंक येते, मग पाहुणे दुसऱ्यांदा दाबतात. हे सगळ्यांना ठाऊक आहे. पाहुण्यांनाही ठाऊक असावं. कुणाला राग येत नाही, मला येतो. दुसऱ्या कशाचं उद्घाटन असतं तर मी एक वेळ गप्प बसले असते, पण हे विज्ञानाचं प्रदर्शन! दाबलं म्हणून लागलं की लागायचंच होतं म्हणून लागलं, हा फरक शिकवायला सरकार मला पगार देतं आणि शाळेच्या व्यासपीठावर पहिलाच प्रयोग खोटा. कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद मागायची कुणाकडे?

सिरसाळ्यातली आमची शाळा बाजाराच्या रस्त्याला लागून आहे. या दिवसांत कापूस भरलेले टेम्पो शाळेवरून जातात आणि फाटकाच्या तारेला, बाभळीच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकून राहतात. वर्गात थर्माकोल कापायचा दात शिवशिवणारा आवाज सुरू असतो. फेविकॉल बोटांवर वाळवून त्याची साल सोलत बसणं हा पोरांचा आवडता उद्योग. मला यातलं सगळं आवडतं, हेही कबूल करून टाकते. ज्वालामुखीतून लाल फेस येतो तो आवडतो, दरवर्षी कुणीतरी आणतोच ती पवनचक्कीही आवडते. राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि तो एका विशिष्ट हिवाळ्यात जन्माला आला.

त्या हिवाळ्याच्या आधीच्या पावसाळ्यात शाळेत एक पेटी आली होती. कुठल्याशा योजनेतून. आत संगणकावरून सूचना भरता येतात असे छोटे निळे बोर्ड होते, भोकांची पांढरी पाटी होती, जिच्यात वायरी नुसत्या खोचून जोडणी करता येते, रंगीत दिवे होते, रंगीत पट्ट्यांचे रोध, म्हणजे रेझिस्टर, होते, छोट्या मोटारी होत्या. आमच्या तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी पेटीपुढे नारळ फोडला, तिला कुंकवाचं बोट लावलं, फोटो काढला आणि पेटी कपाटात ठेवून कुलूप घातलं.

"सर, पोरांना कधी द्यायची?"

"पोरांना?" सरांनी असं विचारलं, जणू मी पेटी विहिरीत टाकायला मागत होते. "मॅडम, फुटंल ना. उद्या तपासणीला कुणी आलं तर काय दाखवायचं?"

"वापरलेलं दाखवू."

"वापरलेलं कुणी बघत नाही. नवीन बघतात."

गणपती गेले, दसरा गेला, दिवाळीची सुट्टी संपली, तरी पेटी नवीच होती. जुनं होऊ न देण्याची ही आमची हौस मला कधी कळलेली नाही. नव्या सोफ्यावरचं प्लॅस्टिक आम्ही काढत नाही, पाहुण्यांच्या कपबशा कपाटात दिवस काढतात, हे घरापुरतं ठीक आहे. पण पोरं दर वर्षी एका वर्गाने पुढे जात असतात आणि शेवटी शाळेतून निघून जातात. पेटी कपाटात सुरक्षित राहिली आणि पोरं हातात काही न धरता निघून गेली, तर फुटलं काय आणि वाचलं काय? मी मग रोज सरांच्या चहाच्या वेळेला त्यांच्या टेबलाशी उभी राहायला लागले. काही बोलायचे नाही, नुसती उभी राहायचे. चहा गोड लागेना तेव्हा एक दिवस त्यांनी किल्ली टेबलावर आपटली.

पेटीत एका पाकिटात खटके होते. टॉगल स्विच म्हणतात त्याला. बोटाच्या पेराएवढं अंग, वर चकचकीत दांडी, खाली तीन पाय. दांडी ढकलली की खट् वाजतं आणि ढकलली तिथंच ती राहते. ट्रॅक्टरवर जादा लावलेल्या दिव्यांना असतो तसा. नववीच्या वर्गाने पहिला पूर्ण तास त्या दांड्या नुसत्या वरखाली केल्या. चाळीसेक पोरांचं एका वेळी खटखट, खटखट. शेजारच्या वर्गातून गुरुजी बघायला आले, हसले आणि स्वतः एक खटका दाबून परत गेले.

पहिला प्रयोग अगदी साधा होता. दांडी खाली केली की दिवा लागावा, वर केली की विझावा, आपल्या घरी भिंतीवर असतं तसंच. सगळ्या गटांनी मधला पाय आणि खालचा पाय जोडला. खाली केल्यावर चालू व्हायला हवं, तर खालचाच पाय जोडायचा, यात कुणाला शंका येईल? दांड्या खाली गेल्या आणि एकही दिवा लागला नाही. वर केल्या तर लागले. वर्गाने एकमुखाने निकाल दिला, "मॅडम, खटके खराब आलेत." फुकट आलेली वस्तू खराबच असणार, यावर आमच्या पोरांची अढळ श्रद्धा आहे. तशी ती उगाच बसलेली नाही.

एक मुलगी मात्र काही न बोलता दांडीच्या बुडाशी डोळा लावून बसली होती. तिचं नाव कोमल. कुणी ठेवलं कोण जाणे, पोरगी बाभळीची. ती म्हणाली, "मॅडम, ही आतून सी-सॉवानी असंल. वरचं टोक खाली गेलं की आतलं टोक वर जात असंल." मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. तिने वायर खालच्या पायातून काढून वरच्या पायाला लावली, दांडी खाली केली आणि दिवा लागला. मग सगळा वर्ग तिच्या बाकाभोवती गोळा झाला.

दुसऱ्या आठवड्यात खटका निळ्या बोर्डाला जोडायचा होता. हे पटवणं जड गेलं. एका पोराने सरळ विचारलं, "मधी बोर्ड कशाला मॅडम? डायरेक जोडा की दिव्याला." प्रश्न रास्त होता. मी सांगितलं, आता खटका स्वतः काम करणार नाही, तो फक्त कळवणार. बोर्ड त्याचं ऐकणार आणि मग काय करायचं ते करणार, एक दिवा लावील, दहा लावील, एकामागून एक लावील. ऐकायच्या त्या टोकाला इनपुट म्हणतात. पोरांनी वायरी खोचल्या. आणि मग गंमत झाली. खटका बंद असताना दिवे आपोआप लुकलुकायला लागले. हात जवळ नेला की लागायचे, हात मागे घेतला की विझायचे, कधी उगाचच थरथरायचे. "भूत हाय मॅडम!" पोरं खूश झाली. दुपारच्या सुट्टीतही कुणी बाहेर जाईना.

कोमल खूश नव्हती. ती चिडली होती. "मी दाबलंच न्हाई, मग ह्ये कावून लागतंय?"

मी तिला सांगितलं, खटका बंद असला की हे ऐकायचं टोक कशालाच बांधलेलं नसतं. मोकळं सुटलेलं असतं. मग ते हवेतलं काहीही ऐकतं, ट्यूबलाइटची गुणगुण, तुझ्या हाताची चाहूल, आणि त्यालाच निरोप समजतं. त्याला एका रोधातून जमिनीच्या वायरीशी बांधून ठेवायचं, म्हणजे कुणी दाबलं नसेल तेव्हा ते ठामपणे 'नाही' म्हणेल. तिने पाकिटातून दहा हजार ओहमचा रोध शोधला, तपकिरी, काळा, नारिंगी पट्ट्यांचा. तो खोचला. मग बराच वेळ हात बोर्डावरून फिरवत राहिली, जवळ, लांब, पुन्हा जवळ. दिवा हलला नाही. "आता खोटं बोलत न्हाई," ती म्हणाली.

हे वाक्य मी अजून घेऊन फिरते. आमच्या भवताली किती खटके आहेत, जे दाबले जातात आणि कुठे पोचतच नाहीत. तक्रारपेटी आहे, तिची किल्ली हरवलेली आहे. ग्रामसभेत बाया हात वर करतात आणि ठराव आदल्या दिवशीच लिहून झालेला असतो. पालकसभेत मुलीच्या आईला विचारतात, "काय म्हणणं आहे ताई?" आणि ती पदर सावरून तोंड उघडेपर्यंत पुढच्या नावाचा पुकारा होतो. आणि कुणी काही दाबलेलं नसताना दिवे मात्र लखलखत असतात. हे बघून बघून आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालंय. एका नववीच्या पोरीला वाटलं, म्हणून मी तिच्या बाजूने होते, आजही आहे.

कोमलचे वडील म्हणजे वैजनाथअप्पा, गावातले मंडपवाले. बाजाराच्या ओळीत त्यांचं गुदाम आहे, लोखंडी पाइप, गुलाबी झालरी, रचून ठेवलेल्या खुर्च्या, हॅलोजन आणि दिव्यांच्या माळांची भेंडोळी. बारशापासून पुढाऱ्यांच्या वाढदिवसापर्यंत पंचक्रोशीतला मांडव त्यांचाच. हळू बोलणारे, कपाळावर भस्माचे पट्टे, खिशात कायम टेस्टर. आणि वर सांगितला तो पडद्यामागचा माणूस म्हणजे तेच. हे काम ते कामगारावर सोडत नसत, बोर्ड स्वतःच्या मांडीवर घेऊन बसायचे.

त्या वर्षी तालुक्याचं प्रदर्शन आमच्या शाळेत भरणार होतं आणि कोमलने डोक्यात घेतलं की उद्घाटनाचं बटन खरं असलं पाहिजे. आपण करायचं. आणि दाबायचं बटन नको, खटकाच हवा. "बटन बोट उचललं की इसरतंय. खटका ठिवला तिथं ऱ्हातो. आन् त्यानं बंद बी करता आलं पाहिजे मॅडम." पाहुण्यांनी खटका खाली करायचा, बोर्डाने ते ऐकायचं, बोर्डाने प्रत्येक माळेच्या रिलेला एकामागून एक सांगायचं आणि रिलेंनी फलकावरच्या माळा एकेक करून लावायच्या. रिले म्हणजे छोटी डबी, तिच्यात टक् असा आवाज होतो आणि मोठ्या विजेचा रस्ता उघडतो. मुख्याध्यापक लगेच हो म्हणाले, याचं मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं. 'विद्यार्थिनीने तयार केलेल्या यंत्राद्वारे उद्घाटन' हे वाक्य त्यांना फार आवडलं होतं.

प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत काम सुरू झालं. खिडकीतून कलतं ऊन यायचं, सोल्डरच्या धुराला राळेचा वास यायचा आणि कोमलची वेणी सतत त्या धुरात लोंबायची. मोठ्या विजेची जोडणी अप्पा स्वतः येऊन करून गेले. तिला हात लावू दिला नाही. "तितं मी. बाकी समदं तुजं," असं म्हणाले. जाताना माझ्याजवळ थांबले. "मॅडम, पोरगी हुशार हाय, मला कळतंय. पर तुमाला आमचा धंदा ठाव न्हाई. एका गावात मी खरं बटन लावलतं. पावण्यानं दाबलं, लागलं न्हाई. पुन्यांदा दाबलं, न्हाई. लोक हसले. त्या गावात मला पुन्हा कुणी मांडव दिला न्हाई."

"ते बटन तुमचं होतं अप्पा. हे तिचं आहे, तपासलेलं आहे."

"त्येच की," अप्पा म्हणाले. "माजं पडलं तर माजं पडलं. तिचं पडाय नको."

यात वाईट काही नव्हतं. म्हणूनच मला त्यांच्यावर नीट रागावताही आलं नाही. पण पोरीचं पडू नये म्हणून तिला उभंच राहू द्यायचं नाही, ही माया आमच्याकडे घरोघरी आहे, आणि तिच्याशी भांडताना माझी उमर चालली आहे.

प्रदर्शनाचा दिवस उजाडला. मैदानावर सडा, रांगोळी, गुलाबी झालरी वाऱ्यावर फडफडत होत्या. पोरांना सकाळपासून रांगेत बसवलेलं, आधी थंडीत आणि मग उन्हात, कारण पाहुणे उशिरा येणार हे वेळापत्रकातच गृहीत धरलेलं असतं. कोमल टेबलाशी उभी होती, दोन वेण्या, लाल रिबिनी, हातात माइक. यंत्राची माहिती तिनेच सांगायची होती. तिचा खटका पांढऱ्या डब्यावर बसवलेला होता आणि डब्याला झाकण मुद्दाम काचेचं होतं, आतलं सगळं दिसावं म्हणून.

पाहुणे आले. आमच्या भागातले मोठे पुढारी, त्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत. हार झाले, शाली झाल्या. कोमलने न अडखळता माहिती सांगितली. साहेबांनी फोटोवाल्याकडे बघितलं, हात पुढे केला आणि बोट दांडीपासून वीतभर लांब असतानाच मागच्या सगळ्या माळा एकदम भप्पकन लागल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी मागाहून खटका खाली केला, करायचा म्हणून.

मी कोमलकडे बघत होते. ती दिव्यांकडे बघतच नव्हती, काचेच्या झाकणातून आत बघत होती. माळा एकेक करून लागायला हव्या होत्या, त्या एकदम लागल्या होत्या. त्या लागताना एकाही रिलेचं टक् झालं नव्हतं. झालं असतं तर ते टाळ्यांतही तिला ऐकू आलं असतं. तिला सगळं कळलं. माइक अजून तिच्या हातात होता.

"साहेब," ती म्हणाली, "आता बंद करून बघा."

साहेब हसले. पोरीचं कौतुक करायचं म्हणून त्यांनी दांडी वर केली. खट् वाजलं. माळा तशाच लखलखत राहिल्या.

"बघा," कोमल म्हणाली. "बंद होत न्हाई."

मैदानात कुजबुज सुरू झाली. मुख्याध्यापक पुढे झाले, तिच्या हातातून माइक घेतला आणि गोड आवाजात म्हणाले, "विद्यार्थिनीच्या उपकरणात किरकोळ तांत्रिक बिघाड झालेला आहे. ग्रामीण भागातल्या लेकराचा प्रामाणिक प्रयत्न आहे, सांभाळून घ्यावं. जोरदार टाळ्या!" आणि टाळ्या पडल्या. साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "व्हतं असं, बाळ."

त्या सबंध मैदानात एकच वस्तू अशी होती जिच्यात बिघाड नव्हता, आणि बिघाड तिच्याच नावावर लागला. मुख्याध्यापकांनी आदल्या संध्याकाळी अप्पांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, साहेब येणार आहेत, पोरीच्या खेळण्यावर विसंबू नका. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की खोटं कुणाचं आहे आणि ते कुणाच्या डोक्यावर ठेवलं जातंय. मी हातातलं शालींचं ताट खाली ठेवलं आणि ओरडले, "बिघाड नाही सर! तिचं बरोबर आहे!" पण माइक त्यांच्याकडे होता. पहिल्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं आणि पुन्हा तोंड फिरवलं. कोमल रडली नाही. तिचे कान लालबुंद झाले होते आणि ती डब्याच्या झाकणावर तळहात दाबून उभी होती.

तेवढ्यात मागच्या माळा विझल्या आणि पडदा हलला. वैजनाथअप्पा बाहेर आले. त्यांच्या हातात माळांचे प्लग होते, आपल्या बोर्डातून उपसून आणलेले, मागे वायरी फरफटत येत होत्या. इतक्या वर्षांच्या धंद्यात हा माणूस कार्यक्रम चालू असताना कधी पडद्याच्या पुढे आलेला नव्हता. त्यांनी माइक मागितला नाही. मैदान इतकं चिडीचूप झालं होतं की मागायची गरजच पडली नाही.

"पोरीचं बटन नीट हाय," अप्पा म्हणाले. "तिची वायर मी काढलती. दिवं मी लावलते. बिघाड माजा हाय."

पाठीमागून कुणीतरी ओरडलं, "मंग लावून दावा की अप्पा!" अप्पा वाकून प्लग कोमलच्या डब्याला लावायला गेले. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "राहू द्या, राहू द्या. पुढं आष्टीला जायचंय, लांबचा पल्ला हाय," म्हणाले आणि निघाले. सर त्यांच्यामागे धावले. गाड्यांची धूळ उडाली, पोरांनी नाकाला रुमाल लावले. एक मिनिट लागलं असतं. तेवढंही कुणाला सापडलं नाही. शाळेच्या अहवालात आलं, मान्यवरांच्या हस्ते कळ दाबून उद्घाटन. कोमलचं उपकरण पुढे जिल्ह्याला गेलं नाही, कारण उद्घाटनालाच बिघडलं हे सगळ्यांनी पाहिलं होतं. परीक्षकांकडे मी भांडायला गेले तर ते म्हणाले, "मॅडम, शेवटी ते नुसतं बटन आहे हो. सेन्सर बिन्सर काहीतरी पाहिजे होतं." मी त्यांना काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पुढाऱ्यांचे मांडव त्या हिवाळ्यानंतर अप्पांना आले नाहीत. मी एकदा विषय काढला तर म्हणाले, "लग्नं हायत की मॅडम. लग्नात खोटं बटन लागत न्हाई." कोमल आता अंबाजोगाईला डिप्लोमा करते. सुट्टीत आली की शाळेत डोकावते, पेटी उघडी आहे ना ते बघते. आणि यंदाच्या त्या निरोपाखाली मी गटावर लिहिलं, पडद्यामागे माणूस ठेवणार नाही, लागलं तर लागेल, नाही लागलं तर का लागलं नाही ते पोरं सगळ्यांसमोर शोधतील. नवे मुख्याध्यापक भले गृहस्थ आहेत. त्यांनी उत्तर पाठवलं, "मॅडम, रिस्क नको." कुणाची रिस्क, हे मी उद्या त्यांना तोंडावर विचारणार आहे. सासूला सांगून ठेवलंय, या वर्षी हंगाम लवकर उतरणार नाही.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. गाड्या गेल्या, पोरं खिचडीच्या रांगेला लागली, व्यासपीठावर आम्ही तिघंच उरलो. कोमलने बापाच्या हातातले प्लग ओढून घेतले. तिने ते डब्याला लावले, वायरी ओढून पाहिल्या, दांडी वर असल्याची खात्री केली आणि बाजूला झाली.

"दाबा," ती म्हणाली.

"मी?" अप्पांनी हात धोतराला पुसला. त्यांनी दांडी खाली केली. टक्, टक्, टक् होत गेलं, आणि माळा एकेक करून लागत गेल्या, डावीकडून उजवीकडे. त्यांनी वर केली, विझल्या. पुन्हा खाली केली. आयुष्यभर ज्याने दिवे लावले त्या माणसाने ते लागताना समोरून कधी पाहिले नव्हते. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. "लई भारी दिसतंय की गं हितून," ते म्हणाले आणि हसले.

कोमल हसली नाही. "अप्पा, पुन्हा माजी वायर काढायची असंल तर आदी मला इचारायचं."

अप्पा गोंधळले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मॅडमकडं बगू नका. मी बोलतेय."

अप्पांनी दांडीवरचा हात काढला, तिच्याकडे वळले आणि म्हणाले, "बरं. इचारीन."